नावाच्या जागी रेघ

विश्रांतवाडी ते रास्ता पेठ हा प्रवास मी यंदा सात रविवार केला. एक बस, मग दहा मिनिटं चालणं. येरवडा मागे पडतं, बंडगार्डनचा पूल येतो, स्टेशनजवळ बस अर्धी रिकामी होते. यात सांगण्यासारखं काही नाही, पुणेकर रोज करतात. मी जिथे उतरून पोचले ती जागा मात्र फार जणांनी पाहिलेली नाही, म्हणून लिहिते आहे.

मला कबाला शिकायचं होतं. कबाला म्हणजे ज्यू लोकांची गूढविद्या. देव आणि जग यांच्यामध्ये नेमकं काय घडलं, याचा त्यांनी शेकडो वर्षं केलेला विचार. ऑफिसात शेजारच्या टेबलावरची मुलगी मनगटाला लाल दोरा बांधून आली आणि म्हणाली, "हे कबाला आहे, निगेटिव्हिटी जाते." मी तत्त्वज्ञानात बी.ए. केलंय. दोऱ्याने काही जात नाही एवढं मला कळतं. पण शब्द डोक्यात राहिला. दोन महिने इंटरनेटवर इंग्रजीत वाचलं. दहा गोलांचं एक झाड असतं, त्याचं चित्र पाठ झालं. एकदा आबांना, म्हणजे वडिलांना, ते मराठीत समजावून सांगायला बसले आणि तिसऱ्या वाक्याला अडले. मला काहीच कळलेलं नव्हतं.

आबा मार्केट यार्डात सव्वीस वर्षं हमाल होते. हिंगोलीकडून आले तेव्हा मी कडेवर होते. त्यांना अक्षरओळख नाही. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली, आणि हे मी कुठेही, कुणालाही, विचारलं नसतानाही सांगते.

मग कळलं की मराठी बोलणारे ज्यू माझ्यापासून एका बसवर राहतात. बेने इस्राएल. कोकणात पूर्वी तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे. घरात बोलणं मराठी, आडनावाच्या शेवटी कर. एका ओळखीतून चौलकर सरांचा पत्ता मिळाला. रेल्वेतून निवृत्त, वय अठ्ठ्याहत्तर. "त्यांच्याकडे आजोबांची एक वही आहे," सांगणारा म्हणाला, "पण माणूस जरा तिरका आहे."

पाटी

मला शनिवार-रविवार सुट्टी असते, म्हणून शनिवारी गेले. दुसरा मजला, हिरवं दार. दाराच्या उजव्या चौकटीवर बोटाएवढी एक तिरपी डबी ठोकलेली, तिच्यात प्रार्थनेचा कागद असतो हे नंतर कळलं. मी बेल दाबली. दोनदा दाबली. मग बेलच्या खाली पाटी दिसली: "शनिवारी बेल वाजवू नये. दार उघडे आहे. ढकलावे. कामाचे बोलू नये."

आतून आवाज आला, "वाचता येत नाही का?"

"बी.ए. आहे," मी बाहेरूनच म्हणाले.

"मग पाटी आम्ही कुणासाठी लावली?"

दार ढकलून आत गेले. पांढरा सदरा, डोक्यावर छोटी गोल टोपी, समोर रिकामं टेबल. रेडिओ नाही, टीव्ही नाही, पंखा मात्र फिरत होता. तो शुक्रवारीच लावून ठेवतात, शब्बाथला बटणाला हात लावायचा नाही. शब्बाथ म्हणजे शुक्रवार मावळल्यापासून शनिवार मावळेपर्यंतचा विसावा. त्यांच्या पत्नी, रिबेका काकू, थर्मासमधल्या पाण्याचा चहा घेऊन आल्या. तोही आदल्या दिवशीचा हिशेब, शनिवारी चूल पेटवत नाहीत. आमच्याकडे एकादशीला आई चूल पेटवते पण स्वतः खात नाही. इथे उलटं, खातात भरपूर, पण पेटवत नाहीत.

मी आल्याचं कारण सांगितलं आणि पिशवीतून वही-पेन काढलं.

"ठेवा ते आत. आज लिहायचं नाही," सर म्हणाले. "वय काय तुमचं?"

"एकतीस."

"चाळीस झाल्यावर या. आमच्यात हे चाळीसच्या आत शिकवत नाहीत. आधी लग्न, संसार, धर्माची पुस्तकं. पोट भरलेलं लागतं."

"चाळीसला मी येईन हो," मी म्हणाले, "पण तुम्ही असाल का?"

काकूंचा कप बशीवर वाजला. मी बोलून गेले होते, आता परत कसं घेणार? सर असे हसले की टोपी सरकली.

"ही खरं बोलते," ते काकूंना म्हणाले. मग मला, "मी तसाही नसणार. दोन महिन्यांत मुलीकडे चाललो, इस्राएलला. कायमचे. घर विकलंय. सात रविवार हातात आहेत. दहाला यायचं. दहा म्हणजे दहा."

पहिले तीन रविवार

वही अडतीस पानांची. सरांचे आजोबा रेवदंड्याचे. कोचीनहून एक गुरुजी येऊन राहिले होते, त्यांच्याकडून ऐकून आजोबांनी मराठीत लिहून काढलेली. काळी शाई तपकिरी झालेली, कडा कसरीने खाल्लेल्या, मधेमधे उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रू अक्षरं. कबाला या शब्दाचा अर्थच मुळी मिळालेलं, घेतलेलं. एकाने सांगायचं, दुसऱ्याने घ्यायचं.

"ही तुम्ही तिकडे नेणार?" मी विचारलं.

"तिकडे मराठी कोण वाचणार? आणि पानं सुटलीत बघा. जाण्याआधी पुरणार."

मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांच्यात देवाचं नाव लिहिलेला कागद टाकत नाहीत, जाळत नाहीत, रद्दीत घालत नाहीत. जीर्ण झाला की माणसासारखा कब्रस्तानात पुरतात. मी म्हणाले, एखाद्या ग्रंथालयाला द्या, काचेत ठेवतील.

"म्हातारं माणूस गेलं तर तुम्ही काचेत ठेवता का?"

म्हणजे माझ्या हातात सात रविवार होते आणि आठव्याला ती वही जमिनीत असणार होती. मला ती पूर्ण हवी होती. मराठीत हे सांगणारं दुसरं काही मला कुठे सापडलेलं नव्हतं.

सरांच्या अटी दोनच. समोर बसून हाताने उतरवायचं. आणि जिथे देवाचं नाव येईल तिथे नाव लिहायचं नाही, आडवी रेघ मारायची. "नाव लिहिलं की तो कागद तुमचा राहत नाही. त्याला जपावं लागतं. तुमचं घर मी पाहिलेलं नाही."

"चांगलं आहे माझं घर," मी म्हणाले.

"असेल. रेघ मारा."

शिकवणं म्हणजे ते एक वाक्य वाचत, मी उतरवत असे आणि मग ते विचारत, "काय समजलं?" पहिल्या पानावर होतं, आरंभी सगळीकडे तोच होता, दुसऱ्या कशाला जागाच नव्हती, म्हणून तो आवरून बसला आणि रिकाम्या झालेल्या जागेत जग झालं. इंग्रजीत हे मी वीसदा वाचलं होतं. आता मराठीत वाचलं आणि गुलटेकडीची आमची जुनी दहा बाय दहाची खोली आठवली. गावाकडून पाहुणे आले की आबा गुडघे पोटाशी घेऊन कोपऱ्यात बसायचे, म्हणजे सहा माणसं मावायची. मी हे बोलून दाखवलं. सर काकूंना हाक मारून म्हणाले, "हिला खायला दे."

खाण्याचं सांगायलाच हवं. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर चिरलेली फळं, याला ते मलिदा म्हणतात. नवस फेडताना, शुभकार्यात करतात आणि पैगंबर एलियाहूचं नाव घेऊन वाटतात. आमच्या सत्यनारायणाच्या प्रसादाशेजारी ठेवला तर दोघांची ओळख पटेल. मटण मात्र नारळाच्या दुधातलं. मांसाबरोबर दही-दूध चालत नाही. मी पहिल्याच दिवशी जेवताना सवयीने दही मागितलं, तर काकू म्हणाल्या, "मागू नका हो, मला नाही म्हणायला आवडत नाही."

दहा गोलांचं झाडही तिथेच समजलं, ते गोल म्हणजे देवाचे दहा गुण. त्यांतला एक हेसेद, म्हणजे देत सुटणारी माया. त्याच्या समोर गवुरा, आवरून धरणारी ताकद. आणि मध्ये तिफेरेत, दोन्हींचा तोल. मी म्हणाले, सर, हे हमालाला विचारा. पाठीवरचं पोतं एका बाजूला कललं तर ताकद असून उपयोग नाही.

"तुमचे वडील हमाल?"

"होते. कांदा-बटाटा विभागात."

"तरीच बरं शिकताय," ते म्हणाले. पुण्यात याला कौतुक म्हणतात.

तिसऱ्या रविवारपर्यंत अकरा पानं झाली. चौथ्या रविवारच्या आधी त्यांना डॉक्टरांच्या फेऱ्या होत्या, सामान बांधायचं होतं. त्यांनी वही मलमलीत गुंडाळून माझ्या हातात दिली. "आठवडाभर ठेवा. पुढची सात-आठ पानं घरी उतरवा. तुमचं अक्षर बरं आहे."

मी काय केलं

मी अख्खं बी.ए. झेरॉक्सवर केलं. पुस्तकं घेण्याची ऐपत नव्हती. कुणाच्या तरी नोट्स मिळवायच्या, सदाशिव पेठेत झेरॉक्स काढायच्या, स्पायरल करायचं, वर्ष निघालं. याची मला लाज नाही. उलट त्या आठवड्यात मला वाटलं, काय हा वेळखाऊपणा! राहिलेले रविवार चार आणि पानं सत्तावीस. सांगितलेली पानं अठरापर्यंत हाताने उतरवली आणि मग सरळ जुन्या ओळखीच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले, अडतीस पानं काढली, वर पारदर्शक कव्हर, मागे निळा पुठ्ठा.

चौथ्या रविवारी ते टेबलावर ठेवलं. मी फार खुश होते.

सरांनी ते उघडलं. पहिलं पान, दुसरं पान. नाव जिथे जिथे होतं तिथे ते झेरॉक्समध्ये काळंभोर, मुळाहून ठळक उमटलं होतं. त्यांनी हळूच मिटलं.

"खराब किती निघाल्या?"

"म्हणजे?"

"मशीनवर जुना कागद ठेवला की एक-दोन तिरक्या येतात, काळ्या येतात. त्या कुठे आहेत?"

मला माहीत नव्हतं. दुकानदाराने दोन-तीन पानं परत काढलेली मी पाहिली होती. बाकी मी फोन बघत होते.

"मी तुम्हाला विश्वासाने वही दिली," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "आज एकोणिसावं पान होतं. भांडी फुटली, ते पान. आता ते नाही वाचायचं. आधी कागद आणा. सगळे."

"आणि नाही मिळाले तर?"

"तर अठरा पानं शिकलात. पुष्कळ झालं."

जिन्यात काकू मागून आल्या. हातावर डबा ठेवला आणि म्हणाल्या, "ते रागावलेले नाहीत, घाबरलेत. त्यांच्या आजोबांना काय सांगणार?"

सदाशिव पेठ

झेरॉक्सवाल्या काकांनी मला ओळखलं, प्रश्न मात्र ओळखला नाही.

"खराब कॉप्या? अहो, त्या काय आम्ही लॉकरमध्ये ठेवतो?"

"किती निघाल्या होत्या ते तरी सांगा."

त्यांना हा प्रश्न आवडला. मशीनवर आकडा असतो आणि ते प्रत्येक गिऱ्हाइकाचा वहीत लिहून ठेवतात. बोट फिरवत म्हणाले, "त्रेचाळीस फिरलं. तुमची अडतीस. पाच खराब. मशीन खोटं बोलत नाही."

खराब कागद गल्ल्याखालच्या खोक्यात जातात. एका बाजूने कोरे असतात, म्हणून अभ्यासिकेतली मुलं-मुली ते कच्च्या कामाला उचलतात. खोकं उपसलं. मी जमिनीवर बसून दोन तास उपसलं. पंचायत राज, चालू घडामोडी, कुणाचा तरी जातीचा दाखला, आणि खालून तिरकं आलेलं आमचं सातवं पान. एक.

"लातूरची जयश्री नेते जास्त," काका म्हणाले. "समोरच्या अभ्यासिकेत, खिडकीपाशी. हळू बोला, तिथे श्वास घेतला तरी लोक वळून बघतात."

खरंच बघतात. पस्तीस जणं मान खाली घालून बसलेली. खिडकीपाशी माझ्याच वयाची बाई, समोर काळ-काम-वेगाची गणितं. कागद उलटा करून पाहायची परवानगी मागितली. तिने मला जिन्यात नेलं.

"काय झालं ओ ताई? कशाचे कागद?"

सांगितलं. तिने गठ्ठा चाळला. तीन निघाले. एका बाजूला आजोबांचं अक्षर आणि देवाचं नाव, दुसऱ्या बाजूला दोन नळ, एक हौद आणि उत्तराभोवती तिने मारलेला गोल.

"हे नाही देणार मी," ती एका कागदावर तळवा ठेवून म्हणाली. "हे गणित मला तीन दिवसांनी सुटलंय. पाचवा अटेम्प्ट आहे माझा, ताई. तुमचा देव थांबेल, आयोग नाही थांबत."

मी म्हणाले, मी उतरवून देते. तिथेच जिन्यात बसून, डब्याचं झाकण खाली धरून, मी तिची तिन्ही कागदांवरची गणितं कोऱ्या पानांवर उतरवली. एकेक पायरी, तिने खाडाखोड केलेली जागासुद्धा. ती डब्यातला मलिदा खात बघत होती.

"अक्षर छान आहे तुमचं," ती म्हणाली. "एवढं अक्षर होतं तर झेरॉक्स कशाला काढली?"

पाचवा कागद

चार झाले. पाचवा नाही. पाचव्या रविवारी चार घेऊन गेले, तर सरांनी दारातच मोजले. "पाचवा?" मी मान हलवली. "मग पुढच्या रविवारी या." दार बंद. त्या दिवशी बसमध्ये मला पहिल्यांदा वाटलं की सुटलं हे आपल्या हातून. आठवडाभर ऑफिसातून सुटून सदाशिव पेठ. अभ्यासिकेची केराची टोपली, रद्दीवाला, चहावाला. जयश्रीने आपल्या खोलीतल्या चार जणींचे गठ्ठे पाहिले. काही नाही.

गुरुवारी घरी येऊन पिशवी फेकली. आबा म्हणाले, "काय हुडकतीस माय, रोज रोज?"

"कागद. तिरकी अक्षरं असलेला. झेरॉक्सचा."

"लिहेल कागद हाय ना?"

"हो."

"मग पेटीत बघ की."

आबांची पत्र्याची पेटी. तिच्यात माझं पदवी प्रमाणपत्र असतं हे मला माहीत होतं. बाकी काय असतं ते मी कधी बघितलं नव्हतं. वीजबिलं. औषधांच्या आतल्या चिठ्ठ्या. माझ्या पहिलीच्या वह्यांवरून गळून पडलेली लेबलं. लग्नपत्रिका, लोकांच्या. जाहिराती. आणि सगळ्यांत वर, चार घड्या घालून, पाचवा कागद. झेरॉक्सवाल्याने गठ्ठ्यावर आवरण म्हणून लावला होता. मी घरी आल्यावर काढून ओट्यावर टाकला होता.

"आबा, हे सगळं कशाला ठेवलंय?"

"मला वाचता येत न्हाई," आबा म्हणाले, जणू मी मूर्ख आहे. "कोनता कामाचा अन् कोनता बिनकामाचा, मला कसं कळावं? म्हणून लिहेल कागद मी टाकतच न्हाई."

पुढची पानं

सहाव्या रविवारी मी तो कागद टेबलावर ठेवला आणि कुठे मिळाला ते सांगितलं. सरांनी एकेक घडी उलगडली.

"हे त्यांना कुणी शिकवलं?"

"कुणी नाही."

त्यांनी टोपी सारखी केली. "कुठे होतो आपण?"

"एकोणिसावं पान. भांडी फुटली."

त्यांनी वाचलं. देवाने उजेड ठेवायला भांडी केली, उजेड जास्त झाला, भांडी फुटली, उजेडाचे कण तुकड्यांबरोबर जगभर उडाले. कुठलाही कण कुठेही असेल. बाजारात, चुलीपाशी, नको त्या माणसाकडे.

"पुढे काय लिहिलं असेल?" सरांनी विचारलं.

"गोळा करायचे," मी म्हणाले.

"पान न उलटता कसं सांगितलंत?"

"सर, दोन आठवडे मी दुसरं काय करत होते?"

या वेळी काकूच आधी हसल्या.

मी आठवडाभराची रजा टाकली आणि शनिवार सोडून रोज सकाळी गेले. खोक्यांमध्ये बसून, खुर्च्या विकल्या गेल्यावर सतरंजीवर बसून. शुक्रवारी दुपारी सदतिसावं पान झालं. अडतिसाव्यावर सरांनी तळवा ठेवला, जयश्रीने ठेवला होता तसाच.

"हे उतरवायचं नाही. ऐकायचं. माझ्या आजोबांनी कुणाची वही पाहिली नव्हती, ऐकलंच होतं. रविवारी वडिलांना घेऊन या. पेन आणू नका."

"माझं काही विसरलं तर?"

"तर विसरलं. घेणाऱ्याची पण काही जबाबदारी असते की नाही?"

सातवा रविवार

कब्रस्तानात झाडं दाट आहेत, आणि थडग्यांवर हिब्रूखाली मराठी आहे. काही दगडांवर फुलांऐवजी खडे ठेवलेले. आबा आपली पांढरी टोपी घालून आले होते. सरांनी त्यांच्या डोक्याकडे पाहिलं. इथे पुरुषांनी डोकं झाकायचं असतं. "झाकलेलं आहे. उत्तम."

राखणदाराने खड्डा काढून ठेवला होता. आबांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "उथळ हाय. पहिल्या पावसात कुत्रं उकरंल." मग कुणाला न विचारता कुदळ घेतली. गुडघे गेलेत त्यांचे, पण हात तेच आहेत. सर काठी टेकून शेजारी उभे. सर आबांहून दहा-बारा वर्षांनी मोठे.

काकूंनी पांढरी पिशवी शिवली होती. तिच्यात ते पाच कागद गेले, माझं स्पायरल गेलं, निळ्या पुठ्ठ्यासकट. वही सरांनी हातात ठेवली, शेवटचं पान उघडलं आणि वाचलं. मोठ्याने, पण घाई न करता, आजोबांच्या जुन्या वळणाच्या मराठीत. पाचच ओळी होत्या. मग पान मिटलं, वही ओठांना लावली, पिशवीत ठेवली. पिशवी खाली सोडायला ते वाकू लागले तर आबांनी हात पुढे केले. सरांनी क्षणभर विचार केला आणि ओझं त्यांच्या हातात दिलं.

माती आम्ही चौघांनी लोटली. बाहेर पडताना नळ आहे, तिथे हात धुतल्याशिवाय जायचं नाही. मी आबांना सांगणार होते, तोवर त्यांनी हात, पाय, तोंड, सगळं धुतलं होतं. आपल्याकडे वेगळं काय करतात?

"चाळीस झाल्यावर फोन करा," सर मला म्हणाले. "तेव्हा नीट शिकवीन."

"तेव्हा तुम्ही असा म्हणजे झालं," मी म्हणाले.

बस मिळाली, बसायला जागाही मिळाली. मी खांद्यावरच्या पिशवीतून माझी उतरवलेली वही काढली, पेन कंडक्टरकडून मागून घेतलं आणि ऐकलेलं लिहायला लागले. पहिली ओळ आली: जे येथे लिहिले ते ऐकलेले आहे. दुसरी आली: जे ऐकले ते थोडे आहे. तिसरी: ज्यास मिळाले त्याने पुढे द्यावे, आणि देताना आपण आवरून बसावे. चौथी ओळ गेली होती. येरवडा आलं तरी येईना. पदवी, परीक्षा, पाठांतर, सगळं माझं, आणि मोजून पाच ओळींत मी अडले.

आबा खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "ओझे त्याचे आहे. आपला फक्त खांदा."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"असंच म्हणले ना मास्तर? अन् मग शेवटी नाव घेतलं. नाव घेऊन थांबले."

मी चौथी ओळ लिहिली. पाचव्या ओळीत ते एकच नाव होतं. मी तिथे आडवी रेघ मारली.

आबांनी वहीत डोकावून बोट ठेवलं. "हे काय लिहिलंस?"

"काही नाही लिहिलं. तिथे देवाचं नाव आहे. ते लिहायचं नसतं, म्हणून रेघ."

ते रेघेवरून बोट फिरवत राहिले, उजवीकडून डावीकडे, मग डावीकडून उजवीकडे. आळंदी रोडला बस वळली.

"मग एवढं मला येतं वाचायला," आबा म्हणाले.